ग्लुटेन-फ्री खायचंय? आधी तपासणी, मग दळण, पाकीट शेवटी

शहरातल्या मोठ्या किराणा दुकानात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेल्या एक किलो पिठाला साधारण १५० ते २५० रुपये पडतात. त्याच दुकानात ज्वारी ५० ते ६० रुपये किलोने मिळते आणि ज्वारीत ग्लुटेन मुळातच नसतं. या दोन किमतींमधला फरक कुणी सोसायचा, कुणी सोसू नये आणि कुणी तेच पैसे दुसरीकडे वळवायचे, हे कळावं म्हणून हा हिशेब मांडते आहे. दर पुणे-मुंबईकडचे आणि अंदाजाचे आहेत. गाव, हंगाम आणि दुकान बदललं की ते खालीवर होतील, पण प्रमाण फारसं बदलणार नाही.

गहू, जव आणि राय या धान्यांतल्या प्रथिनाला ग्लुटेन म्हणतात. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. बहुतेकांना ते निमूट पचतं. सिलिॲक हा आजार असलेल्यांच्या शरीरात मात्र ग्लुटेन गेलं की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. मोठ्यांमध्ये कधी पोटाची काहीच तक्रार नसते, फक्त रक्त कमी, हाडं ठिसूळ आणि तोंड सारखं आलेलं. भारतातल्या वेगवेगळ्या भागांत झालेल्या पाहणीत, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, उत्तरेत साधारण १.२ टक्के लोकांना हा आजार आढळला, तर दक्षिणेत ०.१ टक्का. आजाराला औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, एवढाच उपचार. डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी गव्हाचा हा संबंध दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिॲकची आजारी मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा खालावली. डिके यांचा प्रबंध १९५० चा आहे.

इतक्या गंभीर पथ्याचं फॅशनमध्ये रूपांतर कसं झालं, हे समजून घ्यायला हवं, कारण पाकिटावरची किंमत त्या फॅशनमधून आली आहे. अमेरिकेतलं ‘पीपल’ साप्ताहिक १९९० पासून दरवर्षी सर्वांत सुंदर व्यक्तींची यादी काढत आलं. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ग्वेनेथ पॅल्ट्रो या अभिनेत्रीला जगातली सर्वांत सुंदर स्त्री ठरवलं. त्याच महिन्यात तिचं ‘इट्स ऑल गुड’ हे पाककृतींचं पुस्तक बाजारात आलं होतं आणि त्यातला भर ग्लुटेन, साखर, दूध वगैरे वगळलेल्या जेवणावर होता. सुंदर चेहरा आणि त्या चेहऱ्याच्या ताटातून वगळलेला गहू, दोन्ही एकाच वेळी लोकांसमोर आले. त्याच्या वर्षभर आधी मायली सायरस या गायिकेने ट्विटरवर सगळ्यांना आठवडाभर ग्लुटेन सोडून पाहायला सांगितलं होतं, त्वचेत फरक दिसेल असं म्हणत. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचचं पुस्तकही २०१३ चंच. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका बाजारपाहणीत जवळपास तीस टक्के प्रौढांनी ग्लुटेन कमी किंवा बंद करायची इच्छा सांगितली. ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्या कितीतरी पट जास्त गिऱ्हाईक एकदम उभं राहिलं. कंपन्यांनी ते हेरलं.

यातून रुग्णांचं भलंही झालं, हे मान्य करायला हवं. पाकिटं सहज मिळू लागली, लेबलाचे नियम आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्येच किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन ही मर्यादा ठरवली. आपल्याकडे ‘एफएसएसएआय’चीही तीच मर्यादा आहे. पण किमतीचं ओझं हललं नाही. कॅनडात २००८ साली साध्या आणि ग्लुटेन-फ्री पदार्थांची तुलना झाली, तेव्हा ग्लुटेन-फ्री पदार्थ सरासरी २४२ टक्के महाग निघाले. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही फरक १८३ टक्के होता. आपण आपल्या बाजारात तेच गणित आयात केलं, आणि तेही अशा राज्यात जिथे भाकरी हे रोजचं जेवण आहे.

चेहऱ्यासाठी सोडणार असाल तर

सिलिॲक किंवा गव्हाची ॲलर्जी नसलेल्या माणसाची त्वचा केवळ ग्लुटेन सोडल्याने उजळते, याला पुरावा नाही. अपवाद आहे तो सिलिॲकशी जोडलेल्या एका त्वचारोगाचा: कोपर, गुडघे, ढुंगण यांवर प्रचंड खाजणारे बारीक फोड येतात. असं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, पिठाच्या दुकानात नाही. वजन उतरल्याचे अनुभव खरे असतात, पण त्यांचं श्रेय चुकीच्या ठिकाणी जातं. ग्लुटेन सोडणारा माणूस बिस्किटं, खारी, पाव, सामोसे, केक, नूडल्स हे सगळं एका दिवसात सोडतो. उतरतं ते ही मैदा-साखर सुटल्यामुळे. तेच पदार्थ ग्लुटेन-फ्री पाकिटातून परत आणले की वजनही परत येतं, कारण त्या बिस्किटांत बहुतेकदा तांदळाचं किंवा टॅपिओकाचं स्टार्च, साखर आणि तूप-तेलच असतं. तंतू कमी, प्रथिनंही कमी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१७ साली अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक आरोग्य-व्यावसायिकांचा दीर्घ अभ्यास आला. ग्लुटेन खाण्याने हृदयविकार वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट आजार नसताना ते टाळलं तर अख्खी धान्यं पोटात कमी जातील, असा इशारा संशोधकांनी दिला.

तरीही गहू कमी करावासा वाटला तर खुशाल करा. रात्रीची पोळी बंद करून ज्वारी-बाजरीची भाकरी खा. महिन्याच्या खर्चात शंभरेक रुपयांचा फरक पडेल. पाकिटावर एक रुपयाही घालवायची गरज नाही. मध, तांदूळ, शेंगदाणे, चहा यांवरसुद्धा हल्ली ‘ग्लुटेन-फ्री’ छापून जादा दर लावलेला दिसतो. त्यांत ते कधीच नव्हतं.

शंका असेल तर: तपासणीचा खर्च

इथे सगळ्यात महाग पडणारी चूक होते आणि तिला पैसेही लागत नाहीत. लोक आधी गहू बंद करतात, बरं वाटतं, आणि मग सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जातात. तोवर रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी उतरलेली असते, आतड्याचं अस्तर सुधारलेलं असतं आणि तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येते. मग निदानासाठी काही आठवडे रोज गहू खाऊन पुन्हा त्रास सोसायचा आणि पुन्हा तपासायचं. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत पोळी बंद करायची नाही. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पहिली तपासणी रक्ताची असते, टीटीजी-आयजीए. खासगी प्रयोगशाळेत साधारण १,००० ते १,८०० रुपये. तिच्यासोबत एकूण आयजीए करून घ्यावी, ५०० ते ८०० रुपये. काहींच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंडच कमी असतं आणि मग पहिली तपासणी फसते. टीटीजी वाढलेली आली तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे तपासतात. खासगीत तुकड्यांच्या तपासणीसह ६,००० ते १५,००० रुपये धरा, रुग्णालय मोठं असेल तर जास्त. मुलाला भूल द्यावी लागली तर तिचा खर्च वेगळा, तो आधी विचारून घ्या. मुंबईत केईएम, नायर, शीव, जेजे, पुण्यात ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांत हेच फार कमी पैशांत होतं, मात्र तारखेची वाट पाहावी लागते. मूल खूपच खंगलेलं नसेल तर मी ही वाट पाहण्याच्या बाजूची आहे. निदान आयुष्यभराचं आहे. पुढचे पैसे अजून लागायचेच आहेत.

जनुकीय तपासणी, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८, काही हजारांत जाते. ती प्रत्येकाला लागत नाही. नकारात्मक आली तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो, पण सकारात्मक आली म्हणून आजार आहे असं होत नाही, कारण ही जनुकं निरोगी लोकांमध्येही सर्रास सापडतात. डॉक्टरांनी कारण सांगून मागितली तरच करा.

आणि एक तपासणी अजिबात करू नका. ‘दोनशे पदार्थांची असहिष्णुता एका थेंबात’ अशी जाहिरात असलेली आयजीजी पॅनेल १०,००० ते २०,००० रुपयांना विकली जातात. युरोप आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती निदानासाठी वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. तुम्ही जे नेहमी खाता त्याचीच प्रतिपिंडं रक्तात दिसतात, म्हणून पोळी खाणाऱ्या माणसाच्या अहवालात गहू लाल रंगात येतो. जोकोविचने आपल्या पुस्तकात सांगितलेली पद्धत, पोटाशी पाव धरून दुसऱ्या हाताची ताकद पाहायची, तिलाही शास्त्रीय आधार नाही. त्याचं टेनिस मोठं आहे म्हणून ती तपासणी खरी ठरत नाही.

काहींच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ येतात आणि तरी गव्हाने पोट फुगतं. त्यांचा त्रास खोटा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या २०१३ च्या प्रयोगात अशा लोकांचा त्रास बऱ्याच अंशी आतड्यात आंबणाऱ्या कर्बोदकांमुळे होत असल्याचं दिसलं. ती गव्हात असतात, तशी कांदा-लसूण आणि कडधान्यांतही असतात. एका चांगल्या आहारतज्ज्ञाची भेट ८०० ते २,००० रुपयांत होते. या मंडळींनी पैसे तिथे घालावेत.

निदान झालं: आता दळण

सिलिॲक पक्का झाला की घरातले लोक घाबरून ऑनलाइन यादी मागवतात: पीठ, पास्ता, पाव, बिस्किटं, केक मिक्स. पहिल्याच महिन्यात पाच-सहा हजार उडतात आणि मुलाला त्यातलं निम्मं आवडत नाही. त्याऐवजी आपलं स्वयंपाकघर एकदा उघडून पाहा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सगळ्या डाळी. घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक, अनारसे, झुणका, कोथिंबीरवडी, पोहे, थालीपिठं (भाजणीत गहू न घालता). उपवासाचं तर अख्खं कपाटच चालतं: वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. रोजच्या जेवणात पोळीची जागा भरली की बाकी फार थोडं उरतं.

अडचण धान्यात नसून गिरणीत आहे. ज्या दगडावर दिवसभर गहू दळला जातो, त्यावर तुमची ज्वारी पडली की गव्हाचं पीठ तिच्यात आलंच. २००७ च्या एका इटालियन अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्यात बिघाड दिसला. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भाग रोज पोटात गेला तरी पुरतो. ‘आधी थोडी ज्वारी टाकून दगड साफ करून घेतो’ असं गिरणीवाले प्रेमाने सांगतात; रुग्णासाठी ते पुरेसं नाही. काही गिरण्यांत तांदळाची किंवा उपवासाच्या दळणाची चक्की वेगळी असते. तिच्यावर गहू खरंच कधीच पडत नाही का, हे खोदून विचारा. तशी मिळाली तर किलोमागे ८-१० रुपयांत काम होतं आणि हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

नाही मिळाली तर घरघंटी. १३,००० ते २५,००० रुपये. आकडा मोठा वाटतो, म्हणून गणित करून पाहू. एका माणसाला महिन्याला सुमारे साडेसात किलो पीठ लागतं. तयार ग्लुटेन-फ्री पीठ २०० रुपये किलोने घेतलं तर १,५०० रुपये. ५५ रुपयांची ज्वारी घरी दळली तर ४१२ रुपये आणि थोडी वीज. महिन्याला हजाराच्या वर वाचतात. १८,००० ची घरघंटी दीड वर्षात फिटते, घरात दोन रुग्ण असतील तर नऊ महिन्यांत. वापरलेली घरघंटी मात्र घेऊ नका, तिच्या कोपऱ्यांत गव्हाचं पीठ बसलेलं असतं. तेच जुन्या जात्याचं. आणि नवी आणली की तिच्यात गहू घालायचा नाही, पाहुणे आले तरीही. घरातल्या बाकीच्यांचा गहू बाहेरच दळून आणा.

एवढे पैसे नसतील तर तांदूळ, वरी, राजगिरा मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात थोडा थोडा दळता येतो. धान्य धुऊन, वाळवून, निवडून घ्या. पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. पाकिटातलं पीठच घ्यायचं झालं तर रुग्णाने २० मिलिग्रॅमची हमी असलेलं ‘ग्लुटेन-फ्री’ लेबल पाहूनच घ्यावं. साधं ज्वारीचं पाकीट त्याच कारखान्यात गव्हाशेजारी दळलेलं असू शकतं. म्हणजे जी छाप निरोगी माणसाच्या दृष्टीने वायफळ आहे, तिच्यासाठी रुग्णाने पैसे मोजणं बरोबर आहे.

भांड्यांवर हजार-दीड हजार रुपये एकदाच जातात: वेगळी चाळणी, वेगळी काठवट किंवा परात, वेगळा पोळपाट-लाटणं, वेगळा तवा. लाकडात पीठ मुरतं म्हणून जुनं घासून चालत नाही. रोज आधी भाकऱ्या, मग पोळ्या, हा क्रम ठेवला तर हवेत उडणारं पीठही टळतं.

मग हिंग. आपल्या फोडणीतला डबीतला हिंग बांधानी असतो आणि त्यात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. घरात सगळं पाळूनही मुलाची टीटीजी उतरत नाही, तेव्हा डबीचं लेबल वाचा. तांदळाच्या पिठात किंवा डिंकात बांधलेला हिंग मिळतो, डबीमागे काही रुपयेच जास्त लागतात आणि एक डबी बरेच दिवस पुरते. या संपूर्ण यादीत पैशांच्या मानाने सर्वांत उपयोगी खरेदी ही आहे. हॉटेलातली आमटी, सांबार, चिवडा, फरसाण, लोणचं यांत हाच हिंग असतो, म्हणून ‘आमच्याकडे मैदा नाही’ या उत्तरावर थांबू नका. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून बनतात, त्या बंद. सोया सॉसमध्ये गहू असतो. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तोही नाही; घरी पूजा असेल तर वाटीभर वेगळा, राजगिऱ्याचा शिरा करून त्याचाही नैवेद्य दाखवा, म्हणजे मुलाला प्रसाद नाकारावा लागणार नाही. गोव्यात आणि वसईत चर्चला जाणाऱ्यांनी धर्मगुरूंशी आधी बोलून ठेवावं. व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की पूर्ण ग्लुटेनरहित ऑस्ती (मिस्सेतली गव्हाची पापडी) चालत नाही, अत्यल्प ग्लुटेनची चालते.

विकतचं काही लागणारच, विशेषतः मुलांसाठी. पावाची लादी १८० ते ३०० रुपये, साधी ५० च्या आसपास. पाव किलो पास्ता १५० ते ३०० रुपये. वाढदिवसाचा केक किलोला १,२०० ते २,००० रुपये. मी म्हणेन, केकवर कंजुषी करू नका आणि पावावर करा. डब्यात नाचणीचे घावन, तांदळाच्या शेवया, राजगिऱ्याचे लाडू जातात. वर्षातून एकदाचा केक मात्र इतर मुलांसारखा दिसला पाहिजे. पोळी-भाजी केंद्रांत भाकरी २० ते ३५ रुपयांना मिळते, पण ओट्यावर शेजारी कणीक भुरभुरलेली असते. रुग्णासाठी ती नको.

रेशनवर अवलंबून असलेल्या घरांची अडचण वेगळी आहे. तिथून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो. रुग्णाच्या वाट्याचा गहू त्याच्या कामाचा नसतो आणि ज्वारी बहुतेकदा बाजारभावाने विकत घ्यावी लागते. इटलीत सिलिॲकच्या रुग्णाला दरमहा ठरावीक रकमेची मदत मिळते. इंग्लंडमध्ये अजूनही काही भागांत ग्लुटेन-फ्री पाव आणि पीठ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. जिथे ज्वारी पिकते त्या राज्यात रुग्णाच्या शिधापत्रिकेवर गव्हाऐवजी ज्वारी देणं ही फार मोठी मागणी नाही, आणि ती जोराने करायला हवी. तोवर अशा घरांनी सगळा भर तांदळावर ठेवावा, तो रेशनवर मिळतो, आणि पिठासाठी मिक्सर वापरावा. नुसत्या तांदळावर लोह आणि तंतू कमी पडतात, म्हणून आठवड्यातून जमेल तेवढी नाचणी, बाजरी आणि रोज डाळ.

पुढच्या वर्षांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. टीटीजी पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि नंतर साधारण वर्षातून एकदा, सोबत हिमोग्लोबिन, लोह, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं. मोठ्यांना डॉक्टर सांगतील तेव्हा हाडांची घनता, १,५०० ते ३,५०० रुपये. आणि रुग्णाचे आई-वडील, भावंडं, मुलं यांची टीटीजी एकदा नक्की करा. त्यांच्यात दहापैकी एखाद्याला हा आजार सापडतो, कधी कसलंही लक्षण नसताना. तेव्हा ‘आता सगळं घरच गहू सोडू’ असं ठरवलं असेल, तर तो निर्णय या सगळ्यांचं रक्त देऊन झाल्यावर अमलात आणा.